पिंपाच्या जागी

१

ते काम माझ्याकडे आलं ते इरावतीचे डोळे दुखायला लागले म्हणून. नाहीतर मी तिथे केर काढायला आणि चहा करायला होते. चौथी शिकलेली बाई, कॉम्प्युटरसमोर मला कोण बसवतंय?

करी रोडला आमच्या चाळीला खेटून टॉवरचा खड्डा खणायला घेतला. चाळ कलते का, भेगा रुंदावतात का ते बघायला मोजणीवाली एक कंपनी आणून बसवली. तळमजल्यावरची बंद पडलेली पिठाची चक्की म्हणजे त्यांचं ऑफिस. इरावती त्यांची इंजिनियर. फणसवाडीची, तिशीची, चष्मा लावणारी, बिनदुधाचा चहा पिणारी. मॅडम म्हण म्हणाले सगळे, माझ्या तोंडात काही ते बसलं नाही.

रोज सकाळी ती तिपाई घेऊन खड्ड्याच्या बाजूच्या खोल्यांतून फिरायची. तिपाईवर मशीन, ते वीस मिनिटं स्वतःभोवती फिरायचं. घर्र आवाज, मग टक, परत घर्र. आमची खोली दुसऱ्या मजल्यावरची शेवटची, तिची पाळी अकराला. माणसांनी तेवढा वेळ बाहेर व्हायचं. माझे सासरे शामराव, जन्मभर कापडगिरणीत राबलेले, मी त्यांना मामा म्हणते, दोन वर्षं खाटेला खिळलेत. ते कुठे जाणार?

"राहू देत," इरावती म्हणाली. "मशीन तीन फेऱ्या मारतं. तिन्ही वेळा जे जागचं हललं नाही तेवढंच ठेवतं. हललेलं पुसून टाकतं. माणसं त्यात येतच नाहीत."

त्या मापांची मग कॉम्प्युटरवर खोली तयार होते. रंग नाही, काही नाही. नुसते राखाडी त्रिकोण एकमेकांना चिकटवलेले, पुठ्ठ्याची खोली केल्यासारखे. एका दिवसाची एक खोली. बाणाचं बटण दाबलं की एक तारखेपासूनच्या खोल्या एकामागून एक धावतात. उलटा बाण दाबला की मागे जातात. भिंत तसूभर सरकली तरी कळतं. पण सामानही सरकतं ना. स्टूल आज इथे, उद्या तिथे. तर कुणीतरी बसून सांगायचं, हे सामान. मग त्यावर सामानाचा शिक्का मारायचा की ते दिसेनासं होतं आणि उरतात फक्त भिंती.

"चाळ तुम्हाला पाठ आहे ताई," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी शिक्का मारते."

आमची खोली आली, पहिल्या आठवड्यातली. मी सांगत गेले. कपाट, शेगडीचा ओटा, स्टूल. खाट, खाटेवर गोधडीचा उंचवटा, तो मामांचा. मामांचं तोंड त्यात येत नव्हतं. मान सारखी हलते त्यांची, तोंडाच्या जागी भोक.

"आणि मोरीपाशी हे उभं काय आहे?"

"पिंप," मी म्हटलं. "ताट टेकवून ठेवलंय त्याला."

तिनं शिक्का मारला. पिंप गेलं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला म्हणून कळशी घेऊन निघाले तर गॅलरीत अंगठ्याला ठेच लागली. नलूच्या दारात निळं पिंप.

"नलू, वाटेत कशाला ठेवतेस गं हे? माणूस मरायचं."

"तुझंच आहे ते," नलू आतूनच बोलली. "देताना काय म्हणालीस? घेऊन जा बाई, वजन कमी करायला सांगितलंय. आता ठेच लागली तर माझं झालं होय?"

मी तिथेच उभी राहिले. खरंच की. पिंप मी दिलं होतं मागच्या महिन्यात. खड्डा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांगून गेले होते, जड सामान काढा. वीस-बावीस वर्षं त्या कोपऱ्यात पिंप होतं, म्हणून जिभेवर पिंप आलं. बाकी काही नाही.

घरात आले. मोरीपाशी बघितलं. ओली फरशी आणि एक तांब्या. त्याशिवाय काही नाही.

खाली जाऊन इरावतीला सांगितलं, चूक झाली बाई, तिथे पिंप नाहीये.

"मग जुन्या दिवसातलं राहून गेलं असेल," ती चष्मा पुसत म्हणाली. "कधीकधी होतं. आदल्या दिवसाचं माप पुढच्या दिवसात गळतं."

"मशीन कधी आलं?"

"एक तारखेला."

"पिंप मी त्याच्या आधी दिलं. मशीननं पिंप बघितलेलंच नाही. गळेल कुठून?"

तिनं चष्मा लावला. मग हसली. "ताई, तुम्ही माझी नोकरी घ्या. कपडे वाळत घातले असतील दोरीवर. काढू शिक्का, बघू."

३

शिक्का काढला. ते परत आलं. कपडे नव्हते ते. पिंपाहून उंच, वर अरुंद, खाली रुंद. मधोमध काहीतरी चपटं पुढे आलेलं. मी त्याला ताट म्हटलं होतं.

"पहिल्यापासून चालव," मी म्हटलं.

तिनं बाण दाबला. एक, दोन, तीन तारीख, कोपरा रिकामा. चार तारखेला ते आलं. मग रोज. आणि रोज जागा निराळी. मोरीच्या कठड्यापासून सुटलं, मग ओट्याच्या कडेशी आलं. एका दिवसात वीतभर. सोळा तारखेपर्यंत खोलीच्या मधोमध. मी पडद्याला बोट लावून ठेवलं आणि तिला परत चालवायला सांगितलं. कपाट बोटाखालून हललं नाही, खाट हलली नाही. ते हललं.

"भिंती जागेवर आहेत म्हणजे माप बरोबर आहे," इरावती स्वतःशीच बोलली. मग मला म्हणाली, "चार तारखेला काय होतं? काही नवीन आणलंत घरात?"

"नाही."

खोटं बोलले. आणलं काही नव्हतं, पण चार तारीख मला माहीत होती. त्या दिवशी मामांनी सकाळपासून तीनदा गादी भिजवली. तिसऱ्यांदा उशीसुद्धा. चादर बदलताना माझ्या मनगटाला चावले. ते काही आजचे नाहीत, वय शहाऐंशी, डोकं कधी जागेवर असतं, कधी नसतं. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून मीच आहे. त्या दिवशी मी उशी घेऊन मोरीत धुवायला गेले. इरावती आली, म्हणाली, ताई बाहेर येताय ना? मी म्हटलं, तू लाव तुझं मशीन, मला धुवायचंय. तिनं लावलं आणि गेली.

मी धुतलं नाही. नळ त्या दिवशी कधी नव्हे तो अकरानंतरही चालू, पाणी वाहतंय, मशीन घर्र फिरतंय आणि मी उशी पोटाशी धरून उभी. मामांकडे तोंड करून. मशीन थांबलं तेव्हा मी हलले. काय मनात होतं ते मला ठाऊक आहे. ते लिहिणार नाही.

म्हणजे चार तारखेला मशीननं मला टिपलं. वीस मिनिटं हलले नाही तर टिपणारच. त्यात भुताखेताचं काही नाही, आमच्या घरात ते चालतही नाही. पण पाच तारखेला अकरा वाजता मी खाली ऑफिसात झाडू मारत होते. आणि सहाला. आणि सोळालाही.

४

दुपारी मामांना भात भरवत होते. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "बस की गं जरा. कवापास्नं हुभी हायस."

मी खाटेच्या कडेवर बसलेलेच होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. खोलीच्या मधोमध बघत होते.

हे नवीन नव्हतं. आठवडाभर ते असंच बोलत होते. मी मोरीत असले की, ओट्याशी असले की, बस की गं. मी वसकन अंगावर जायचे, बसून कसं चालेल मामा, तुमचं कोण करणार, तुमची गिरणी? असं बोलले की गप्प होत. आता आठवायला बसले तर ते म्हणताना त्यांची नजर माझ्यावर एकदाही नव्हती.

"कोण उभंय मामा?"

"तूच की."

आणि त्यांनी पाय आखडायला घेतले. ती त्यांची जुनी सवय. आमच्या खोलीत खुर्ची मावत नाही, आला-गेला खाटेवरच बसतो. कुणी आलं की मामा पाय आखडून जागा करतात. आता त्यांना त्याला अर्धं मिनिट लागतं, घोटे कटकट वाजतात, पण करतात. मी हातानं त्यांचे पाय परत सरळ केले.

"नको मामा. कुणी आलेलं नाहीये."

"बरं," ते म्हणाले आणि तोंड उघडलं. मी घास घातला.

५

मी काही हात बांधून बसणारी बाई नाही. ती उशी त्याच संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकली. मामांची मान दुखली, शिव्या घातल्या मला, घालू देत. गोधडीची घडी दिली डोक्याखाली. वरळीला बीडीडी चाळीत राहणाऱ्या नणंदेला फोन केला, कालिंदी, पंधरा दिवस मामांना ने.

"वहिनी, माझ्याकडे जागा कुठाय? आणि तुमच्यासारखं मला कुठे जमतं?"

"मला कुठे जमतंय?" म्हटलं आणि फोन ठेवला.

मग नलूला बोलावून खाट ओढली. लोखंडी खाट, वर मामा. समोरच्या भिंतीला लावली, फोटोंच्या खाली, मोरीपासून सगळ्यात लांब. मामा ओरडत होते, "अगं मेलो, मेलो."

"मरत नाही हो तुम्ही," नलू म्हणाली. मग मला हळूच, "सुटशील गं एक दिवस. काय अवस्था झालीय तुझी, आरशात बघितलंस?"

"तुझा नवरा उलथला की तू सुट," मी म्हटलं. "माझ्या घरात हे बोलायचं नाही. पिंप घेतलंस ना? जा."

तिला राग आला, पण मला तिथे, त्या खोलीत, तो शब्द नको होता.

दुसऱ्या दिवशी मशीन लागलं. दुपारी इरावतीनं नवी खोली उघडली. खाट नव्या जागी. आणि ते? कालच्या जागेहून वीतभर पुढे. पण आधी जिकडे जात होतं तिकडे नाही. वळलं होतं. खाटेच्या दिशेनं.

चपटं अजून त्याच्या पोटाशी होतं. उशी मी टाकली होती तरी.

इरावतीनं खोली गोल फिरवून दाखवली. मागून बघितलं तर डोक्याच्या मागे एक गाठ, अंबाड्याएवढी. डाव्या कमरेला त्रिकोणांची एक घडी. मी पदर डावीकडे खोचते. उजव्या कुशीला दुखतं म्हणून.

ती पुढे वाकली. मग कॉम्प्युटरवर वरून खाली एक रेघ ओढली.

"ताई, तुमची उंची किती?"

"पाच फूट एक इंच."

तिनं रेघ पुसली. किती आली ते सांगितलं नाही. चहा मागितला, आणि प्यायली नाही.

"मशीन बंद करू का तुमच्या खोलीत?"

मी विचार केला. "बंद केलं तर ते थांबेल का?"

"माहीत नाही."

"मग नको. निदान कुठवर आलंय ते तरी कळतं."

६

खाटेपाशी यायला तीन दिवस लागतील असा माझा हिशोब होता. तिसऱ्या दिवशी अकराला मी बाहेर गेले नाही. इरावतीला म्हटलं, मी खाटेला लागून जमिनीवर बसते, मामांचा हात धरून. वीस मिनिटं हलणार नाही. मशीन मला टिपू दे. तिथली जागा मी भरते, मग बघू.

तिनं तिपाई दाराशी रोवली. मशीन सुरू केलं आणि दार ओढून घेतलं.

पाठ मोरीकडे, तोंड मामांकडे. त्यांचा हात माझ्या हातात, नुसती हाडं आणि वर कागद. पलीकडे खड्ड्यात यंत्र जमिनीत ठोकत होतं, प्रत्येक ठोक्याला ओट्यावरची भांडी किणकिणत होती. घर्र. टक. घर्र. मी श्वाससुद्धा हळू घेत होते. हलले तर पुसली जाईन.

दुसऱ्या फेरीत मामा जागे झाले. माझ्याकडे बघितलं. डोळे स्वच्छ होते, महिन्यात नव्हते इतके.

"सीमा," म्हणाले, "बसलीस होय."

मी मान हलवली नाही. त्यांचा हात दाबला.

त्यांची नजर माझ्या तोंडावरून वर गेली. डोक्याच्या वर. तिथेच थांबली.

"तू बसलीस," ते म्हणाले, "तर ही का हुभी?"

माझी मान वळायला आली होती. वळवली असती तर मी पुसले गेले असते आणि त्या जागेवर राहिलं असतं ते एकटंच. म्हणून वळवली नाही. पाठीला काही लागलं नाही. गार नाही, ऊन नाही. फक्त भांडी किणकिणायची बंद झाली. बाहेर ठोके चालू होते, ते मला पायांत कळत होते. भांडी गप्प. आणि पाणी वाहत्याचा आवाज, मोरीत. नळ त्या वेळेला गेलेला असतो आमच्याकडे. साडेनऊनंतर पाणी नसतं.

मशीन थांबलं. मी आणखी कितीतरी वेळ तशीच होते. इरावतीनं दार वाजवलं तेव्हा उठले. मोरी कोरडी होती.

७

दुपारी तिनं ती खोली उघडली. मी स्टूल ओढून शेजारी बसले. खाट आली. खाटेशी मी, गुडघे पोटाशी, हात वर खाटेवर. माझं तोंडसुद्धा आलं होतं, त्रिकोणांचं, म्हातारं. माझ्या मागे ते. मागे म्हणजे अगदी मागे, मध्ये बोटभर फट नाही. वाकलेलं. हात माझ्या दोन्ही खांद्यांवरून पुढे गेलेले, आणि हातांत ते चपटं, मामांच्या छातीपर्यंत पोचलेलं. त्याच्या पुढे जायला माझं डोकं आड येत होतं.

"फिरव," मी म्हटलं. "त्याचं तोंड दाखव."

इरावतीनं फिरवायला घेतलं. खोली वळली, कपाट आड आलं, गेलं. हनुवटी दिसली. तिनं कॉम्प्युटरचं झाकण फाडकन खाली आपटलं.

"नको ताई."

"माझंच आहे ना?"

ती रडत होती की डोळे दुखत होते कोण जाणे. "तुम्ही दमलेल्या असता नेहमी," म्हणाली. "ते तसं नाहीये. त्याला आराम झाल्यासारखं आहे."

त्यानंतर मी रोज अकराला बसायला लागले. खाली झाडू उशिरा मारायचे. रोज तिथेच, त्याच जागेवर. इरावतीनं त्याचं तोंड काही दाखवलं नाही. फक्त दुपारी सांगायची, "आज पण तुम्ही मध्ये आहात." एवढंच विचारायचं होतं मला.

८

शनिवारी काम संपलं. खड्ड्यातलं ठोकणं झालं, पुढचं मोजायची गरज नाही म्हणाले. तिपाई मिटली, मशीन खोक्यात गेलं. चक्कीतून टेबलं बाहेर काढली. चाळीच्या भिंतीला काही झालेलं नाही, इरावती म्हणाली. भेगा होत्या तेवढ्याच आहेत.

"आणि आमच्या खोलीचं काय लिहिलंस?"

"अहवालात पिंप असंच ठेवलंय ताई. शिक्का मारून. दुसरं काय लिहू?"

जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, कुणीतरी बाई ठेवा मदतीला, थोडं झोपा. मी बरं म्हटलं. जी बाई ठेवायला परवडत नाही ती ठेवा असं सगळेच सांगतात.

आता ते कुठे आहे मला दिसत नाही. म्हणून मामांना विचारते. सकाळी, दुपारी, काम करता करता. मामा, कोण उभं आहे का? रविवारी म्हणाले, न्हाई. सोमवारी म्हणाले, हाय की, तिथं. आणि कुठे ते दाखवलं नाही. अकराला मी बसते. पण दिवस काही वीस मिनिटांचा नसतो. पाणी भरायचं असतं, भात टाकायचा असतो, त्यांचेच कपडे धुवायचे असतात. किती बसणार?

आज मोरीत त्यांची चादर धूत होते. मामांचा आवाज नव्हता म्हणून मान वळवून बघितलं. जागे होते. आढ्याकडे नाही, दाराकडे नाही, खाटेच्या पायथ्याशी बघत होते. चेहरा हसरा. कुणी पाहुणं आलं की होतो तसा.

"मामा," मी म्हटलं, "कुठे उभी आहे?"

 घोटे कटकट वाजायला लागले. सावकाश, अर्धं मिनिट लागलं, त्यांनी दोन्ही पाय आखडून घेतले.

"बस," म्हणाले. "दमली असशील."

मी मोरीत होते. चादर माझ्या हातात होती. खाट पायथ्याच्या बाजूनं कुरकुरली, कुणी टेकल्यावर कुरकुरते तशी.